चारच्या पुढचा आवाज

धाकटीला बावन्न वर्षं पूर्ण झाली होती. कानशिलावरचे केस पिकले होते, जवळचं बघायला चष्मा लागला होता, आणि गिटारचे अँप्लिफायर दुरुस्त करायचं दुकान चालवता चालवता सत्तावीस वर्षं कशी निघून गेली ते कळलं नव्हतं. तरी घरात ती धाकटीच. गिऱ्हाइकं तिला अँपवाल्या बाई म्हणायची. तिला दोन्ही नावं चालायची. कामाला नाव लागत नाही, हात लागतात, असं तिचं म्हणणं.

त्या मंगळवारी सकाळी तिने नुकतंच सोल्डरिंगचं आयर्न तापत ठेवलं होतं, तेवढ्यात दुकानाच्या उंबरठ्याला एक बाबागाडी येऊन अडकली. ढकलणारी तिची वहिनी होती. घामाघूम झालेली, आणि दोन्ही हातांनी गाडीचा दांडा असा घट्ट धरलेला की जणू आतलं पोर उडी मारून पळणार आहे.

"अगं, ये की उचलायला. बघत काय राहिलीस?"

धाकटीने दुपट्याचं टोक वर केलं. आत पोरबीर काही नव्हतं. आत बाबांचा अँप होता. तपकिरी रेक्झिनचा, कोपरे झिजलेला, घरच्या बैठकीत तिच्या जन्मापासून नाही तरी तिला कळायला लागल्यापासून बसलेला.

"शेजारणीची गाडी मागून आणली," वहिनी धापा टाकत म्हणाली. "तुझ्या दादाच्या नजरेला पडू नये म्हणून वर दुपटं घातलं. वाटेत एक आजीबाई वाकून विचारतात कशा, किती महिन्यांचं? म्हटलं, पंचेचाळीस वर्षांचं आहे, आत्ताच झोपलंय."

"झोपलंय का?"

वहिनीचं हसू मावळलं. "झोपलंय कसलं, मेलंय. आणि मीच मारलंय, वन्सं."

वहिनी तिला वन्सं म्हणाली की दोन अर्थ असायचे. एकतर चिडवायचं असायचं, नाहीतर काहीतरी मागायचं असायचं. आज दुसरा होता. धाकटीने तिला स्टुलावर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि मग दोघींनी मिळून अँप उचलून टेबलावर ठेवला.

वहिनीने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली होती. कानाला हेडफोन लावून दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडून द्यायचे आणि स्वतः गप्प बसायचं. निवृत्त झाली त्या आठवड्यात ती सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला गिटार शिकवा." बाबा तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. तरुणपणी ते स्टेशनजवळच्या एका हॉटेलात बँडमध्ये वाजवायचे, पुढे ते सोडून छापखान्यात लागले. गिटार मात्र पलंगाखाली जपून ठेवली होती. तेव्हापासून रोज दुपारची जेवणं झाली की सासरा आणि सून समोरासमोर बसायचे. बोटांना आधी फोड आले, मग घट्टे पडले, आणि दोन वर्षांत वहिनीला चांगलं वाजवता यायला लागलं. पोहणं शिकवणारी एक मैत्रीण ड्रम वाजवायची, औषधांच्या दुकानातली एक बेस गिटार. तिघींचा बँड झाला. येत्या शनिवारी दुपारी वाचनालयाच्या नव्या अंगणात त्यांचा पहिलाच कार्यक्रम होता.

"झालं काय ते नीट सांग," धाकटी म्हणाली. "काही गाळू नकोस."

"औषधवालीने मला पेडल दिलं. पायाने दाबलं की आवाज कसा फाटतो, खरखरीत होतो, ते. गाण्यात हवंच आहे ते. काल तुझा दादा कामावर गेला, बाबा बागेत फिरायला गेले होते. मी पेडल जोडलं. आणि..." तिने मान खाली घातली. "व्हॉल्यूम आठवर नेला."

"आठवर?"

"बघ, तुझाही चेहरा तसाच झाला."

झाला होता खरा. धाकटीला स्वतःचंच नवल वाटलं. कारण गिऱ्हाइकांचे अँप ती रोज दहावर नेऊन तपासायची. पण हा अँप निराळा होता. याच्या व्हॉल्यूमच्या नॉबपाशी, चारच्या आकड्यावर, नेलपेंटचा लाल ठिपका होता. तो दादाने लावलेला. घरातला कायदाच होता तो: चारच्या पुढे न्यायचं नाही आणि अँपला जास्त सिग्नल द्यायचा नाही, जास्त सिग्नल दिला की व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, जळतात. पाव्हणेरावळे आले, कोणी हौशी भाचा गिटार घेऊन बसला, की दादा आधी ठिपका दाखवायचा. त्यातून तो लिफ्टचा तपासनीस. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये सातवा चढला तर त्याला घाम फुटायचा. त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. धाकटीलाही नाही. विजेचं सगळं शिक्षण झालं, हजारो अँप हाताखालून गेले, पण घरच्या अँपपुढे आली की तिचा हात चारवर थांबायचा. घरातल्या कायद्याची परीक्षा कोण घेत बसतं?

"आठवर चार गाणी वाजली," वहिनी सांगत होती. "काय वाजत होता गं! अंगावर काटा आला. आणि मग जळका वास आला, आणि एकदम चिडीचूप. मी घाबरून प्लगच उपटला."

"लगेच?"

"लगेच."

"तेवढं मात्र नशीब," धाकटी म्हणाली आणि चष्मा चढवला.

कामाला लागली की धाकटी फार बोलत नसे. तिने अँपची वरची पेटी उघडली. हा भाग तिच्या ओळखीचा होता, पूर्वी दोनदा तिनेच व्हॉल्व्ह बदलले होते. फ्यूज शाबूत. व्हॉल्व्हच्या काचा स्वच्छ. काळं पडलेलं, वितळलेलं काहीच नाही. मग तिने मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरींना मीटर लावला आणि श्वास रोखून काट्याकडे पाहिलं. काटा हवा तिथे जाऊन थांबला. तिने श्वास सोडला.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"व्हॉल्व्हच्या अँपला स्पीकर नसताना जोरात वाजवलं ना, तर हा ट्रान्सफॉर्मर जातो. मग जन्माची अडचण, असा आता मिळत नाही. तू प्लग उपटलास म्हणून वाचला."

"म्हणजे घाबरण्याचाही उपयोग होतो."

"कधी कधी."

तिने अँपच्या स्वतःच्या स्पीकरच्या वायरी सोडवल्या आणि भिंतीवरचा दुकानाचा मोठा स्पीकर जोडला. अँप चालू केला. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. कोपऱ्यातली गिटार तिने वहिनीच्या हातात दिली. "छेड."

वहिनीने भीतभीत एक तार छेडली. दुकान भरून आवाज आला. गोल, स्वच्छ, कसलीही तक्रार नसलेला.

"अगं बाई! जिवंत आहे हा!"

"ठणठणीत आहे. आता पेडल लाव."

"नको नको."

"लाव म्हणते ना. मला स्वतःला बघायचंय."

वहिनीने पिशवीतून पेडल काढलं, धाकटीने मध्ये जोडलं आणि अँपच्या बाहेर जाणारा सिग्नल लाटा दाखवणाऱ्या यंत्राच्या स्क्रीनवर घेतला. हिरवी रेघ लाटेसारखी वरखाली होत होती. पेडल दाबलं तशी लाट मोठी झाली, मग तिचे शेंडे सपाट झाले, डोंगराचा माथा कापून पठार करावं तसे. आवाज खरखरीत झाला. मग धाकटीने गिटार बाजूला ठेवली, सिग्नल काढणारं यंत्र जोडलं आणि गिटार देईल त्याच्या वीसपट सिग्नल थेट आत सोडला. वहिनीने कानांवर हात ठेवले. पठार अजून रुंद झालं, पण उंची तितकीच राहिली. अँप ओरडत होता, पण मजेत होता. दहा मिनिटं तसंच चालू ठेवून धाकटीने पेटीवर तळहात ठेवला. नेहमीइतकीच गरम.

"आता समजावून सांग," वहिनी म्हणाली. "मला एक्स्चेंजमध्ये फक्त वायरी खुपसायला शिकवलं होतं."

धाकटीने पाण्याचा ग्लास उचलला. "हा ग्लास भरला. आता वरून नळ कितीही सोड. ग्लास फुटतो का?"

"नाही. सांडतं."

"अँपचं तेच. त्याला झेपेल तेवढं तो भरतो, वरचं सांडतो. ते सांडणं म्हणजेच तुला हवी असलेली खरखर. गिटारच्या आणि पेडलच्या सिग्नलने अँप मरत नाही. पण ग्लासच्या खाली काही ठेवलं असेल, वही, चष्म्याचं घर, तर ते भिजणार की नाही?"

"भिजणारच."

"ते खाली ठेवलेलं म्हणजे स्पीकर. लाटेचे शेंडे सपाट झाले की त्यातून उष्णता जास्त जाते, जवळजवळ दीड-दोनपट. स्पीकर दणकट असेल तर सोसतो. लेचापेचा असेल तर आतली बारीक तारेची कॉइल जळते."

"मग बाबांचा स्पीकर लेचापेचा होता?"

"नसायला हवा," धाकटी म्हणाली. "याला कारखान्यातून चांगला पन्नास वॅटचा येतो. तीसच्या अँपला पन्नासचा. म्हणून तर मला कळत नाहीये."

अँपच्या मागच्या खालच्या बाजूला एक फळी होती, आठ स्क्रूंनी बसवलेली. ती फळी धाकटीने आजवर कधी काढली नव्हती. स्पीकरने कधी तक्रारच केली नव्हती. आता स्क्रू काढताना तिच्या लक्षात आलं की आठातले तीन वेगळ्या जातीचे आहेत. फळी निघाली. जळक्या वार्निशचा वास आला. आणि आत पाहून धाकटी म्हणाली, "हे काय ध्यान?"

तो गिटारचा स्पीकर नव्हताच. पातळ पत्र्याचा, छोट्या मॅग्नेटचा, जुन्या रेडिओग्राममध्ये असायचा तसला. मागे ठसा होता: दहा वॅट. तिने दीड व्होल्टचा सेल टेकवून पाहिला, चांगल्या स्पीकरने टक् करून उत्तर दिलं असतं, हा मुका. कॉइल जळली होती.

"तीस वॅटच्या अँपला दहाचा स्पीकर," ती पुटपुटली. "चारच्या आत वाजवला म्हणून इतकी वर्षं टिकला बिचारा."

स्पीकर नीट बसावा म्हणून त्याच्या आणि लाकडाच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची एक चकती घातलेली होती, कात्रीने वेडीवाकडी कापलेली. धाकटीने ती अलगद सोडवली आणि उलटी केली. चकतीवर पेन्सिलने अर्धा बेडूक काढलेला होता. बेडकाच्या पोटातून बाण निघत होते आणि बाणांच्या टोकांशी सुबक अक्षरात लिहिलं होतं: जठर, यकृत, लहान आतडे.

वहिनीने चकती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. "हे अक्षर..."

"हो."

"लिफ्टच्या अहवालावर असतं ते अक्षर! अजूनही 'ठ' असाच काढतात." आणि ती स्टुलावर बसून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "इतकी वर्षं मला ठिपका दाखवत होते गं! चारच्या पुढे नेऊ नकोस, व्हॉल्व्ह जळतील! आणि पोटात बेडूक!"

धाकटीलाही हसू आलं, पण अर्ध्यात थांबलं. तिला एक संध्याकाळ आठवली. ती दहा-एक वर्षांची असेल. बाबा हॉटेलातून लवकर परत आले होते, गिटार भिंतीला टेकवून उभे होते, आणि आईला सांगत होते, "हाताला आता धार राहिली नाही. सूर लागतो, पण बोचत नाही. आपले दिवस भरले." त्यानंतर दोन महिन्यांत बाबांनी बँड सोडला आणि छापखान्यात जायला लागले. दादा तेव्हा सोळाचा होता. सोळाव्या वर्षी बेडकाची पचनसंस्था असते अभ्यासाला.

"वहिनी," ती म्हणाली, "दादाला तू काही बोलू नकोस. मी आज संध्याकाळी येते. मीच विचारते."

त्याच संध्याकाळी दादा कामावरून आला, तेव्हा धाकटी बैठकीत बसली होती. बाबा खिडकीशी त्यांच्या खुर्चीत. अँपच्या जागी जमिनीवर एक फिकट चौकोन तेवढा होता. दादाने आधी तो चौकोन पाहिला, मग बायकोकडे पाहिलं.

"अहो, मी बिघडवला," वहिनी सरळ म्हणाली. "आठवर नेला होता."

दादाचा चेहरा लाल झाला. "किती वेळा सांगितलंय! मर्यादा म्हणजे मर्यादा. उगाच लिहिलेली असते का? जास्त सिग्नल दिला की..."

"दादा," धाकटीने मध्येच तोडलं आणि पिशवीतून चकती काढून चहाच्या टेबलावर ठेवली, बेडूक वर करून. "यकृताचा बाण चुकलाय तुझा. तो जठराला लागलाय."

दादा उभा होता तसा खाली बसला. खुर्ची मागे होती म्हणून बरं. किती तरी वेळ तो बेडकाकडे बघत राहिला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यावर माणसं दाराकडे बघतात, तसा.

"काय आहे ते?" बाबांनी विचारलं. "मला दिसत नाही इथून."

"बाबा," दादा म्हणाला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण आवाज सोळा वर्षांचा निघाला. "तुम्ही ते आठ दिवस आजोबांकडे गेला होतात, आठवतं? हॉटेलात रंगकाम चालू होतं म्हणून."

"बरं मग?"

"मित्राने त्याच्या भावाची बेस गिटार आणली होती. आम्ही ती तुमच्या अँपला लावली. पूर्ण दहावर. इतकं भारी वाटत होतं, बाबा. कपाटातली भांडी वाजत होती. आणि मग स्पीकरचा कागद फाटला. टर्रकन. कडेपासून मधोमध."

"खालचे सूर कागदाला फार पुढे-मागे ढकलतात," धाकटी हळूच म्हणाली. "गिटारच्या स्पीकरला ते सोसत नाही."

"हे मला तेव्हा कोण सांगणार? मला वाटलं, आता तुम्ही मला घराबाहेर काढणार. समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी मोडका रेडिओग्राम गल्लीत टाकला होता. त्यातला स्पीकर काढला. भोकं जुळेनात, म्हणून प्रयोगवहीचा पुठ्ठा कापून घातला. वाजला. पण किती सोसेल ते माहीत नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगितलं, विज्ञानाचे सर म्हणाले, जास्त सिग्नल दिला की व्हॉल्व्ह जळतात, चारच्या पुढे नेऊ नका." तो थांबला. "सर असं काही म्हणाले नव्हते. नंतर इतक्या वेळा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. देवाशपथ, आत्ता ओरडलो ना हिच्यावर, तेव्हासुद्धा खरंच वाटत होतं."

बाबांनी हात पुढे केला. वहिनीने चकती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरून नीट पाहिली.

"म्हणजे माझे हात बिघडले नव्हते," ते म्हणाले.

दादाने मान हलवली.

"बेचाळीस वर्षं, गाढवा!" बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण गुळगुळीतही नव्हता. काठी घेऊन ते उठले आणि वर आपल्या खोलीत गेले. दार लागल्याचा आवाज आला.

चहा निवला. दादा दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आला. "जाऊ का?" त्याने विचारलं. "थांब," धाकटी म्हणाली. वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. पाऊण तासाने काठीचा आवाज आला. बाबा खाली आले ते चष्मा लावून, अंगात बाहेर जायचा कोट घालून.

"धाकटे, तुझ्याकडे कुठले कुठले स्पीकर आहेत?"

"तीन आहेत. पण आता दुकान..."

"आता नाही गं, उद्या. कोट जुना झालाय का ते बघायला घातला." मग ते दादाच्या समोर बसले. "हे बघ. मला राग आलाय. तो दोन-चार दिवस राहील, तो माझा मी बघेन. पण एक ऐक. हॉटेल सोडलं ते एकट्या तुझ्या स्पीकरमुळे नाही. रोज उशिरा घरी यायचो. तुमच्या आईचा आणि माझा दिवस जुळत नव्हता. ही धाकटी तर मला पाव्हणा समजायची. सोडायचं मनात होतंच, पण सोडायला कारण सापडत नव्हतं. हाताची धार गेली, हे कारण सोयीचं होतं. ते तू पुरवलंस, न मागता. छापखान्यात मी सुखात होतो. पाचला सुट्टी, सहाला सगळ्यांबरोबर जेवण."

"खरं सांगताय की माझ्यासाठी?"

"मी काय तुझ्यासारखा सरांची नावं घेऊन सांगतो का?" बाबा म्हणाले, आणि वहिनी आतून फिसकन हसली. तिच्यामागून धाकटी, आणि मग दादाही, नाक पुसत पुसत.

बुधवारी दादाने रजा टाकली. लिफ्ट खात्यात त्याची रजा म्हणजे बातमीच. बाबांना धरून तो दुकानात घेऊन आला. धाकटीने तिन्ही स्पीकर भिंतीशी ओळीने मांडले होते, कुठला कुठला ते दिसू नये म्हणून पुढे पडदा लावला होता. वहिनी वाजवणार आणि बाबा ऐकणार असं ठरलं होतं, पण पहिल्या स्पीकरवर दोनच सूर वाजले आणि बाबांनी हात पुढे केला. "आण ती इकडे."

गिटार मांडीवर घेतली, काठी दादाकडे दिली. ऐंशी पार केलेली बोटं, सांधे सुजलेले. पहिल्या स्पीकरवर ते एक धून वाजवून थांबले, म्हणाले, "गोड आहे. गोड नको." दुसऱ्यावर तीच धून. "हा वाद घालतो." तिसऱ्यावर वाजवायला लागले आणि थांबेचनात. धाकटीने हळूच व्हॉल्यूम वाढवला. पाच. सहा. दादाने डोळे मिटून घेतले, पण तोंड उघडलं नाही. सातवर तारेचा प्रत्येक सूर टोकदार होऊन खोलीभर फिरायला लागला, आणि बाबांनी मान वर करून धाकटीकडे पाहिलं.

"बोचतो," ते म्हणाले. "हाच."

तो साठ वॅटचा होता. धाकटीने तो त्याच दिवशी बसवला. नव्या स्पीकरची भोकं नेमकी जुळली, मध्ये काही घालावं लागलं नाही. तीन वेगळे स्क्रू टाकून तिने आठही एका जातीचे लावले, सांधे नव्याने सोल्डर केले आणि फळी बंद केली. दादा शेजारी टॉर्च धरून उभा होता. मध्येच म्हणाला, "धाकटे, समज मी वीस व्होल्ट दिले आत, तर?"

"कुठून देणार? गिटारमधून तेवढे येत नाहीत, पेडलमधूनही नाही. हां, एका अँपचा स्पीकरला जाणारा आउटपुट दुसऱ्या अँपच्या आत खुपसलास, तर मात्र जाळशील. तेवढं करू नकोस."

"मी कशाला करू?"

"तुझा काही नेम नाही," धाकटी म्हणाली.

शनिवारी दुपारी वाचनालयाच्या अंगणात साठ-सत्तर माणसं जमली. पुस्तकं बदलायला आलेली, पोरांना घेऊन आलेली, काही नुसतीच सावलीला बसलेली. ड्रमवाली पोहण्याच्या तलावावरची शिट्टी गळ्यात तशीच घालून आली होती. बेसवालीने येताच विचारलं, "माझा अँप घरी राहिला, मी या तुमच्याच अँपला लावू का बेस?" आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून दादा इतका मोठ्याने "नाही!" म्हणाला की वाचनालयाच्या बाईंनी सवयीने ओठांवर बोट ठेवलं. मग तोच तिला गाडीतून घरी घेऊन गेला आणि तिचा अँप आणून दिला.

पहिल्या गाण्यात वहिनी चुकली. सुरुवातच एक ठोका उशिरा केली, चेहरा पांढराफटक. ड्रमवाली थांबली नाही, तिने शिट्टी वाजवली, जोरात, जणू तलावात कुणी खोल पाण्याकडे चाललंय, आणि लोक हसले. वहिनीही हसली आणि त्या हसण्यात तिचा हात सुटला. दुसऱ्या गाण्यात तिने पाय पेडलवर ठेवला. धाकटी दुसऱ्या रांगेत बसली होती. सवयीने तिचं नाक जळका वास शोधत होतं. वास फक्त ताज्या रंगाचा होता. आवाज मात्र असा फाटला, असा भरून आला, की झाडाखाली पेंगणारा एक म्हातारा दचकून उठला आणि मग मांडीवर ठेका धरायला लागला. तीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून गप्प बसलेली बाई डोळे मिटून अंगणभर बोलत होती. अँप तासभर वाजला, आठवर. धाकटीने शेवटी जाऊन पेटीवर हात ठेवून पाहिला. गरम होता, पण त्याला काहीही झालं नव्हतं.

आवराआवर झाल्यावर बाबांनी गिटार मागितली आणि एकच धून वाजवली, हॉटेलातल्या दिवसांतली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण ती संपली हे कुणाला लगेच कळलं नाही. दादा त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाबांनी तो तसाच राहू दिला. राग होता की गेला होता, ते धाकटीला कळलं नाही. बहुतेक थोडा शिल्लक असावा, पण आता तो घरातल्या जुन्या फर्निचरसारखा होता. वळसा घालून जाता येत होतं.

अँप दादानेच उचलून गाडीत ठेवला, आणि परतताना सगळे एकाच गाडीत दाटीवाटीने बसले. बाबा पुढे, मागे वहिनी आणि धाकटी, दोघींच्या मांडीवर आडवी गिटार.

"पुढचा कार्यक्रम कधी?" बाबांनी विचारलं.

"दोन महिन्यांनी," वहिनी म्हणाली. "बागेत बोलावलंय."

"मी पण येतो वाजवायला."

"बाबा, आमचा बायकांचा बँड आहे."

बाबांनी थोडा विचार केला. "मग मी तुमच्या आधी वाजवीन," ते म्हणाले. "लोक जमेपर्यंत." आणि खिडकीची काच खाली करून संध्याकाळचं वारं घेत बसले.